वावधानाआधी आडव्या होणाऱ्या प्लेटा

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातील आमच्या वावरात विहिरीपासून वीसेक पावलांवर सहा सोलर प्लेटांचा सांगाडा जमिनीवर उभा आहे. प्रत्येक प्लेट ५४० वॅटची, सगळ्या मिळून ३२४० वॅट, आणि त्यांवर तीन अश्वशक्तीचा पंप चालतो. हा पंप मी २०२१ साली स्वतःच्या पैशांनी बसवला. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना २०२४ मध्ये आली, त्याच्या कितीतरी आधी. हे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे की, पुढे जी तोडजोड आणि वेल्डिंग मी सांगणार आहे, ती योजनेतून मिळालेल्या पंपाच्या सांगाड्यावर कोणी करू नये. त्या योजनेत सर्वसाधारण गटाच्या शेतकऱ्याला दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्केच हिस्सा भरावा लागतो आणि वर देखभालीची हमी मिळते. हौसेखातर पाडलेल्या एका भोकासाठी ती हमी घालवणे शहाणपणाचे नाही. माझा सांगाडा माझा होता, बिघडला तर माझाच बिघडणार होता, म्हणून मी त्याला हात लावला.

मूळ सांगाड्याच्या मागच्या पायांत पाइपात पाइप घातलेला होता आणि त्याला तीन भोके होती. पिन काढायची, प्लेटा वर किंवा खाली करायच्या आणि दुसऱ्या भोकात पिन घालायची, इतके सोपे ते काम विकणाऱ्याने करून दाखवले होते. दाखवताना अर्थात प्लेटा बसवलेल्या नव्हत्या. एक प्लेट साधारण २८ किलोची असते. सहा प्लेटा, चॅनेल आणि अँगल धरून सव्वादोन क्विंटलपेक्षा जास्त वजन दोन पिनांवर तोललेले असते आणि दोन्ही पिना एकाच वेळी निघाव्या लागतात. दिवाळीनंतर हरभऱ्याच्या पहिल्या पाण्याआधी प्लेटा उभ्या करायच्या आणि होळीच्या सुमारास पुन्हा खाली आणायच्या, असा आमचा दोन वर्षांचा नेम होता. २०२३ च्या मार्चमध्ये हे काम सुरू असताना मागून वाऱ्याचा एक झोत आला, पूर्वेकडची पिन निघालेली आणि पश्चिमेकडची अर्धवट अडकलेली, आणि सगळा सांगाडा एका कोपऱ्यावर पिळला गेला. आमच्याकडे वीस वर्षांपासून कामाला असलेले दादाजी खालच्या पाइपाला धरून होते. मी ओरडलो, “सोडा दादाजी, पाइप सोडा!” त्यांनी सोडला नाही. पिन भोकात गेली, पण त्यांच्या उजव्या हाताचे मधले बोट दोन पाइपांच्या मध्ये चेंबले. बोट वाचले, नख गेले. दवाखान्यातून परतताना मोटारसायकलवर मागे बसून ते एवढेच म्हणाले, “भाऊ, तुम्ही मोटारी भरता ना, मग हे मोटारीनं काहून नाई होत?”

दारव्ह्याला माझे मोटार रिवाइंडिंगचे दुकान होते, त्यामुळे हा प्रश्न मला जरा झोंबला.

मोटार लावण्यापूर्वी ती किती हलवायची हे ठरवावे लागते, आणि त्यासाठी सूर्याचा हिशेब मांडावा लागतो. दारव्हा साधारण २०.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य वर्षभरात विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि दक्षिणेला सुमारे २३.४ अंशांपर्यंत सरकतो. याचा अर्थ २१ डिसेंबरला भर दुपारी तो डोक्यावरच्या बिंदूपासून जवळपास ४४ अंश दक्षिणेला झुकलेला असतो, २१ मार्चला वीस अंश, १५ एप्रिलला अकरा अंश, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तो बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काठीच्या पायाशी नाहीशी होते, आणि २१ जूनला तर तो तीन अंश उत्तरेला गेलेला असतो. ‘भर दुपार’ म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत, हेही या निमित्ताने पक्के समजले. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्तावरची आहे आणि आम्ही त्याच्या पश्चिमेला पावणेपाच अंशांवर, म्हणून आमची खरी दुपार सरासरीने बारा वाजून एकोणीस मिनिटांनी होते. तीही नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा वाजून तीन मिनिटांवर येते आणि फेब्रुवारीच्या मध्यात बारा तेहतीसवर जाते.

आता प्लेट नेमक्या कोनात नसेल तर नुकसान किती, हा खरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर पाहून मी दोन दिवस काम थांबवले होते. सरळ उन्हापुरते बोलायचे तर कोन दहा अंशांनी चुकला तर दीड टक्काच ऊन वाया जाते. वीस अंशांनी चुकला तर सहा टक्के, तीस अंशांनी चुकला तर तेरा टक्क्यांहून अधिक. म्हणजे प्लेटा बाराही महिने वीस अंशांवर बांधून ठेवल्या तरी डिसेंबरच्या दुपारी नुकसान साडेआठ टक्क्यांच्या आसपास आणि मार्च-सप्टेंबरला जवळपास शून्य. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले असते, उजेड सगळीकडूनच येतो, कोनाला फारसा अर्थ उरत नाही, आणि तेव्हा आमचा पंपही बंदच असतो. ज्याला दिवाळीनंतर एकदा आणि होळीला एकदा प्लेटा हलवणे जमते, त्याला मिळण्यासारखे जवळपास सगळे मिळून जाते. केवळ जास्त विजेसाठी मोटार लावायची असेल तर लावू नये, असे कागद सांगत होता. दुसरीकडे जास्तीची वीज हवी असते ती नेमकी डिसेंबर-जानेवारीत, गहू आणि हरभरा पाण्याला आलेले असताना आणि दिवस आखूड असताना. शेतीची लाइन त्या आठवड्यात रात्रीची असेल तर विचारायलाच नको. शिवाय दादाजींचे बोट होते. मी काम पुढे नेले.

पूर्व-पश्चिम रोज फिरणारा सांगाडा का केला नाही, असे पुढे अनेकांनी विचारले. मोठ्या प्रकल्पांत तसे सांगाडे असतात आणि त्यांतून मिळणारी वाढ हंगामी कोनापेक्षा बरीच मोठी असते, हे खरे आहे. पण रोज हलणारे यंत्र रोज बिघडू शकते, आणि माझ्याकडे एकच सांगाडा आहे. दोन अंशांचा फरक पडल्यावरच हलायचे असे ठरवले तर माझ्या मोटारीला सूर्यासाठी वर्षभरात पन्नासेक वेळाच हलायचे होते.

प्लेटा हलवायला हवा होता तो जॅक, म्हणजे मोटारीने लांब-आखूड होणारा दांडा, मला दारव्ह्यातच मिळाला. एकेकाळी केबलवाल्यांच्या छतांवर ज्या आठ-दहा फुटी जाळीदार डिश असत, त्या फिरवायला ३६ व्होल्टचा लांब दांड्याचा जॅक लागे. एका जुन्या केबलवाल्याच्या माळ्यावर असे दोन पडून होते, अठरा इंच चालीचे; एक गंजलेला, एक चांगला. चांगला उघडून जुने, दगडासारखे झालेले ग्रीस रॉकेलने धुऊन काढले, नवे भरले आणि २४ व्होल्टवर चालवून पाहिला. कमी व्होल्टवर तो संथ चालतो, पण आपल्याला घाई कशाला, असे तेव्हा वाटले. ही चूक होती. ती पुढे येईलच. पुरवठ्यासाठी यूपीएसमध्ये असतात तशा सात अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या जोडात (सिरीजमध्ये, एकीमागे एक) घेतल्या आणि त्यांना वीस-वीस वॅटच्या दोन छोट्या प्लेटा लावल्या. पंपाच्या लाइनमधून पुरवठा घेण्याचा मोह मी टाळला. सहा प्लेटा जोडात असल्या की उन्हात तिथे तीनशे व्होल्टच्या घरात डीसी असते आणि डीसीची ठिणगी एकदा पेटली की घरच्या विजेसारखी चटकन विझत नाही. सांगाड्याखाली हात घालण्यापूर्वी डीसीचा स्विच पाडायचा आणि चालू लोडवर प्लेटांचे कनेक्टर ओढायचे नाहीत, हा नियम मी बॅटऱ्या आणि वायरिंगच्या डब्याच्या झाकणावर ऑइलपेंटने लिहून ठेवला आहे.

सांगाडा नव्याने बांधावा लागला. तीन खांब, त्यांवर बेअरिंग, बेअरिंगमधून पूर्व-पश्चिम आडवा पाइप आणि पाइपावर सहा प्लेटा एका रांगेत. पाइपाला अर्ध्या मीटरचा एक हात वेल्ड करून त्याला जॅक जोडला. अर्ध्या मीटरचा हात पन्नास अंश फिरवायला जॅकला सव्वाचारशे मिलिमीटरच्या आसपास चालावे लागते, अठरा इंच म्हणजे ४५७ मिलिमीटर, म्हणजे दोन्ही टोकांना थोडी जागा उरते. मी मोठ्या हौशीने उणे पाच ते पंचेचाळीस अंश असा पल्ला ठेवला होता, जूनमध्ये प्लेटा उत्तरेला झुकाव्यात म्हणून. त्या उणे पाच अंशांचा आजवर एकदाही उपयोग झालेला नाही. उलट पाच अंशांपेक्षा खाली आडव्या केल्या की पावसाचे पाणी निघून जात नाही, खालच्या चौकटीच्या कडेला धुळीचा चिखल साचतो आणि वाळला की बोटभर रुंदीची करडी पट्टी खालच्या ओळीवर सावली धरते. त्यामुळे माझ्याकडे ‘आडवे’ म्हणजे पाच अंश.

पहिल्या बांधणीत मी जॅक पश्चिमेच्या टोकाला लावला, कारण डबा तिथे होता आणि वायर कमी लागत होती. जॅक पश्चिमेचे टोक धरून ठेवी, पण जवळजवळ सात मीटर लांबीच्या पाइपाला पीळ बसे आणि पूर्वेचे टोक वाऱ्यात तीन-चार अंश हेलकावे खाई. एका संध्याकाळी साध्याच वाऱ्यात पूर्वेकडची शेवटची प्लेट म्हशीच्या कानासारखी हलताना पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी जॅक मधल्या खांबापाशी आणला. पाइपही एक नंबर जाड घेतला. तोवर मला वाटत होते की या कामात हलवणे अवघड असेल; पण हलवायला तो जुना जॅक पुरून उरत होता, आणि माझी सगळी मेहनत प्लेटा एका जागी धरून ठेवण्यात जात होती.

किती हलायचे हे यंत्राला कसे कळावे, यावर माझ्यात आणि पुतण्यात मतभेद झाले. तो यवतमाळला पॉलिटेक्निकला आहे. त्याने दोन प्रकाशसंवेदक मध्ये आडपडदा घालून बसवले: ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूला झुकायचे. कॉलेजच्या टेबलावर दिव्याखाली ते सुरेख चालले. वावरात ढगाची कड चमकली की प्लेटा तिकडे वळत, ढग गेला की परत. एका सकाळी एका संवेदकावर साळुंकी घाण करून गेली तर दिवसभर प्लेटा पंचेचाळीस अंशांवर आभाळाला पाठ दाखवल्यासारख्या उभ्या राहिल्या. मी त्याला म्हणालो, “अरे, सूर्य आज कुठे असणार हे पंचांगवाल्याला वर्षभर आधी ठाऊक असते, मग आपण रोज त्याला शोधत कशाला बसायचे?” तो म्हणाला, “काकाजी, मग नुसतं घड्याळच लागते.” आणि खरोखर तेवढेच लागले. वर्षाच्या सुरुवातीपासूनचा दिवसाचा क्रमांक घ्यायचा, त्यात २८४ मिळवायचे, ३६० ने गुणून ३६५ ने भागायचे, आलेल्या कोनाची ज्या (साइन) घेऊन २३.४५ ने गुणायचे, की सूर्य त्या दिवशी किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते मिळते. ते आपल्या अक्षांशातून वजा केले की प्लेटांचा कोन. हे सूत्र ईएसपी ३२ नावाच्या, प्रोग्राम लिहिता येणाऱ्या चारशे-पाचशे रुपयांच्या बोर्डात बसते. प्रत्यक्षातला कोन मोजायला पाइपाच्या मध्यावर एमपीयू ६०५० हा झुकाव ओळखणारा त्वरणमापक चिकटवला. वाऱ्याने पाइप थरथरत असल्याने त्याचे एकच वाचन खरे धरता येत नाही. आम्ही शंभर वाचनांची सरासरी घेतो आणि वर्षातून एकदा स्पिरिट लेव्हलने पडताळतो. उन्हाने डबा तापला की तो एखादा अंश चुकतो. एका अंशाने किती ऊन जाते हे माहीत झाल्यापासून त्या चुकीची मी काळजी सोडली.

घड्याळ म्हणजे डीएस ३२३१ चे छोटे मॉड्यूल, मागे नाण्याएवढा सेल. या सेलनेच आम्हाला रडवले.

२०२४ चा मे महिना होता. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी धरली होती म्हणून दुपारी दोनच्या सुमारास मी बॅटरी सोडवली, टोके घासली, व्हॅसलिन लावले, दहा मिनिटांत पुन्हा जोडली आणि जेवायला घरी आलो. साडेतीनला दादाजींचा फोन आला. “भाऊ, प्लेटा हिवाळ्यावानी उभ्या झाल्या. अन् तिकून आभाळ येऊन रायलं.” मी पोहोचलो तेव्हा वायव्येकडे धुळीचा तांबूस पडदा उठला होता आणि प्लेटा खरोखरच ४३ अंशांवर उभ्या होत्या. मी हाताच्या बटणाने त्या खाली घ्यायला लागलो. २४ व्होल्टवर संथ चालणाऱ्या त्या जॅकला पूर्ण उतरायला तीन मिनिटे लागतात, आणि वावधान, म्हणजे अचानक सुटणारे वादळ, धुऱ्यावरच्या पळसापासून सांगाड्यापर्यंत यायला एक मिनिटही लागले नाही. मागून शिरलेल्या वाऱ्याने प्लेटा पतंगासारख्या उचलल्या. ‘कड्’ असा एकच आवाज झाला. जॅकच्या टोकाचा दहा मिलिमीटरचा बोल्ट विळ्यासारखा वाकला, दांडा धनुष्यासारखा झाला आणि पूर्वेच्या दोन प्लेटांचे क्लॅम्प सरकले. काच एकही फुटली नाही, हे नशीब.

संध्याकाळी डबा उघडून तारीख पाहिली तर १ जानेवारी २००० होती. सेल काढला तर तो फुगून बशीसारखा झालेला. त्या स्वस्त मॉड्यूलवर पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलसाठी चार्जिंगची सोय केलेली असते. त्यात बाजारात मिळणारा साधा सीआर २०३२ घातला, की जो चार्ज होण्यासाठी बनलेलाच नाही त्याच्यात उगाच करंट जात राहतो आणि काही महिन्यांत तो मरतो. मुख्य बॅटरी जोडलेली होती तोवर घड्याळ चालत होते आणि सेल मेल्याचे कळायला मार्ग नव्हता. मी बॅटरी काढली, घड्याळ मेले, बॅटरी जोडल्यावर ते २००० सालच्या जानेवारीत जागे झाले, आणि आमच्या सूत्राने जानेवारीचा कोन इमानदारीने काढून दिला. गणितात काहीच चूक नव्हती. आता त्या मॉड्यूलवरचा चार्जिंगचा डायोड मी काढून टाकला आहे, आणि वर्ष २०२४ पेक्षा कमी दिसले, कोनाचे वाचन आले नाही किंवा बॅटरी ठराविक व्होल्टखाली गेली, तर यंत्राने विचार न करता प्लेटा आडव्या करायच्या आणि तिथेच थांबायचे, असे पुतण्याने लिहून दिले आहे. पूर्वी बिघाड झाला तर ‘आहे तिथे थांबा’ असे होते. ऐकायला ते सावधपणाचे वाटते.

वाकलेला बोल्ट हातात घेऊन मी वाऱ्याचा हिशेब केला, जो आधी करायला हवा होता. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग मीटर-सेकंदांत घेऊन त्याचा वर्ग ०.६ ने गुणला की दर चौरस मीटरला किती न्यूटन ते मिळते. बांधकामाच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, नागपूरसाठी मूळ वेग ४४ मीटर प्रतिसेकंद धरलेला आहे. त्या वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे ११६० न्यूटन, म्हणजे ११८ किलोचा भार पडतो. माझ्या सहा प्लेटांचे क्षेत्र साडेपंधरा चौरस मीटर. सगळ्या उभ्या वाऱ्यासमोर आल्या तर अठराशे किलोंच्या घरात भार, आणि त्यांचे स्वतःचे वजन सव्वादोन क्विंटल.

मग तीन वाट्यांचा वायुवेगमापक बांबूवर चढवला. ताशी ३५ किलोमीटरचा वारा दहा सेकंद टिकला की प्लेटा आडव्या व्हायच्या आणि दोन तास शांत गेल्याशिवाय उठायच्या नाहीत. मात्र तीन मिनिटांचा जॅक आणि एका मिनिटाचे वावधान हे गणित त्याने सुटत नव्हते. ते सुटले सूर्याच्या तारखांच्या त्या हिशेबाकडे पुन्हा पाहताना. आमच्याकडची वावधाने मार्चअखेरीपासून मृगापर्यंतची आणि बहुतेक दुपारनंतरची. आणि याच दिवसांत सूर्य डोक्यावर चढत असतो! १५ एप्रिलला प्लेटा पूर्ण आडव्या ठेवल्या तरी कोन अकरा अंशांनीच चुकतो आणि दोन टक्क्यांहूनही कमी ऊन जाते. मेमध्ये तर आडवे हाच योग्य कोन असतो. म्हणून १५ मार्च ते १५ जून रोज दुपारी दोन वाजता, वारा असो नसो, प्लेटा आडव्या होतात आणि सकाळी सातला पुन्हा आपल्या कोनावर येतात. वायुवेगमापक आहे, पण त्याच्यावर मी विसंबून नाही. आमच्यापेक्षा उत्तरेच्या प्रदेशात ही सोय इतकी स्वस्त पडली नसती. विसाव्या अंशावर राहण्याचा एवढा एक फायदा मला या कामात मिळाला.

गारपिटीचे मात्र उलटे आहे. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये गारा पडतात. प्लेटांची चाचणी आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे २५ मिलिमीटर व्यासाचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगाने मारून होते, पण सगळ्याच गारा काही या मापात पडत नाहीत. सरळ पडणाऱ्या गारेचा मार आडव्या काचेवर पूर्ण बसतो, उभ्या काचेवर घसरता बसतो. म्हणजे वाऱ्याला आडवे हवे आणि गारेला उभे, आणि दोन्ही एकाच ढगातून येतात. मी फेब्रुवारीत दुपारचे आडवे होणे ठेवले नाही. डब्यावर ‘उभे’ नावाचे एक बटण आहे. ते दाबायचे की नाही, हे आभाळाकडे पाहून दादाजी ठरवतात. त्याच बटणाचा उपयोग प्लेटा धुताना होतो: पंचेचाळीस अंशांवर पाणी मारले की धूळ एका दमात उतरते. कापूस वेचणीच्या दिवसांत वाटेची धूळ इतकी बसते की, खरे सांगायचे तर, दर पंधरा दिवसांनी प्लेटा धुण्याने पंपाच्या पाण्यात जेवढा फरक दिसला तेवढा कोनाने दिसला नाही.

किरकोळ उपद्रव बरेच झाले. लाल मुंग्या जॅक चालू-बंद करणाऱ्या रिलेच्या डब्यात शिरल्या आणि एक मुंगी संपर्काच्या दोन टिकल्यांमध्ये चिरडून अशी बसली की रिले ‘टक्’ करी पण करंट पुढे जाईना. वायर आत येते ते भोक आता मेणाने बंद आहे. वरच्या कडेवर माकडे ओळीने बसतात, त्यांनी एकदम उडी मारली की जॅकचा करंट उसळतो, म्हणून क्षणभराच्या उसळीकडे दुर्लक्ष करायला बोर्डाला शिकवावे लागले. रोही (नीलगाई) जॅकच्या दांड्याला अंग घासतात. त्यावर बोराट्यांखेरीज, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्यांखेरीज, उपाय सापडला नाही.

काळ्या जमिनीचा उपद्रव मात्र किरकोळ नव्हता. मी तीन फुटांचे खड्डे घेऊन काँक्रीट ओतले होते. आमची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिच्यात हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडतात. दुसऱ्या उन्हाळ्यात मधला खांब बाजूच्या दोघांपेक्षा बारा मिलिमीटर वर आलेला होता. डोळ्यांना काही दिसत नव्हते. जॅक मात्र पूर्वीपेक्षा जास्त करंट घेऊ लागला, घोगरा आवाज करू लागला, आणि मी आठ दिवस जॅकमध्येच दोष शोधत बसलो. शेवटी दोन टोकांच्या खांबांना सुतळी ताणून बांधली तेव्हा ती मधल्या बेअरिंगच्या अंगावर चढलेली दिसली. २०२५ च्या उन्हाळ्यात तिन्ही खड्डे पुन्हा खणले. पाच फुटांवर मुरूम लागला, पाय मुरुमात रोवला आणि बेअरिंग थोडा वाकडा पाइपही सोसतील अशी, आतला गोळा आपोआप जागा घेणारी, बसवली. बांधकामवाले अशा जमिनीत खाली फुगीर टोकाचे खांब ओततात, ते मला झेपण्यासारखे नव्हते.

जुना जॅक, पाइप, बेअरिंग, बोर्ड, बॅटऱ्या आणि दोनदा केलेले खड्डे धरून खर्च पंचवीस हजारांच्या आत राहिला. वाढलेल्या पाण्यातून तो कधी भरून निघेल याचा हिशेब मी मांडलेला नाही. गेल्या हिवाळ्यात गव्हाला रात्री जावे लागले नाही. दादाजींचे नख पुन्हा आले आहे, जरा वाकडे. होळीनंतर मी पुन्हा सुतळी बांधून पाहिली: मधला खांब चार मिलिमीटर वर आहे.